साठ सेंटची ओळ

पे-स्टब कोण वाचतं? आपण शेवटचा आकडा बघतो, गेल्या वेळेइतकाच आहे ना याची खात्री करतो आणि खिडकी बंद. मीही तेच करत होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अपार्टमेंटचं लीज रिन्यू करताना दोन पे-स्टब मागितले, म्हणून पीडीएफ उघडली आणि कपातींच्या रांगेत एक ओळ दिसली : एनवाय एसडीआय, १.२० डॉलर. न्यूयॉर्क राज्याचा आजारपण-अपंगत्व विमा. कर्मचाऱ्याकडून आठवड्याला जास्तीत जास्त ६० सेंट घेतात, म्हणजे दोन आठवड्यांचे एक डॉलर वीस. एवढ्यात धड चहासुद्धा येत नाही. पण मी न्यूयॉर्कमध्ये काम करणं फेब्रुवारीतच थांबवलं होतं!

मग वरच्या ओळी नीट वाचल्या आणि घाम फुटला. न्यूयॉर्कचा इन्कम टॅक्स दर पगाराला १९० डॉलरच्या आसपास. न्यू जर्सी : शून्य.

झालं असं, की मी राहतो एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत. जानेवारीपर्यंत मॅनहॅटनमधल्या क्लायंटकडे होतो, तेव्हा न्यूयॉर्कने कर कापला ते बरोबरच. जिथे काम करता त्या राज्याचा पहिला हक्क, आणि राहत्या राज्यात त्याचं क्रेडिट मिळतं. फेब्रुवारीपासून मला जर्सी सिटीतल्या क्लायंटच्या ऑफिसात पाठवलं. रोज तिथेच हजेरी. कंपनीच्या सिस्टीममध्ये प्रोजेक्ट बदलला, मॅनेजर बदलला, कामाचं राज्य मात्र तेच राहिलं. अठरा पगार होऊन गेले. हिशेब करा : साधारण ३,४०० डॉलर चुकीच्या तिजोरीत.

पेरोलला मेल टाकली. चार दिवसांनी उत्तर आलं : काळजी करू नका, रिटर्न भरताना सगळे परत मिळतील.

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला शोधून काढायला हवं. वाटतं असं, की 'टॅक्स' नावाची एकच पेटी आहे आणि जास्त गेलेले पैसे तिच्यातूनच परत येतील. प्रत्यक्षात पेट्या दोन, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. न्यूयॉर्ककडे मी आयटी-२०३ हा अनिवासींचा फॉर्म भरून सांगायचं, की बाबांनो, हे काम तुमच्याकडे केलेलंच नाही. त्यांनी वाटलं तर पुरावे मागायचे, मी एम्प्लॉयरचं पत्र मिळवायचं, मग वाट बघायची. इकडे न्यू जर्सीला १५ एप्रिलच्या आत त्याच पगारावरचे सुमारे २,८०० डॉलर खिशातून द्यायचे. 'न्यूयॉर्कने आधीच घेतलेत हो' हे इथे चालत नाही. दुसऱ्या राज्याच्या कराचं क्रेडिट त्या राज्यात खरोखर कमावलेल्या पैशावर मिळतं, चुकून कापलेल्यावर नाही. वर, वर्षाअखेर ४०० डॉलरपेक्षा जास्त कर बाकी निघणार असेल तर तो वर्षभरात हप्त्याने भरायचा असा न्यू जर्सीचा नियम, त्यामुळे व्याजही माझ्याच माथी. चूक पेरोलची आणि उसनवारी माझ्याकडून, तीही बिनव्याजी!

दुसऱ्या मेलला जरा भारी उत्तर आलं. म्हणे 'कन्व्हीनियन्स रूल'. हा नियम खराच आहे आणि मला तो मुळातच पटत नाही. तुमचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरून काम करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्यासारखा धरतात. कनेटिकटमध्ये राहणाऱ्या झेलिन्स्की नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी याला आव्हान दिलं होतं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील कोर्टात ते हरले. न्यू जर्सीने २०२३ मध्ये जशास तसा नियम करून टाकला. पण माझ्या बाबतीत त्याचा संबंधच काय? मी घरून काम करत नव्हतो. माझं ऑफिसच जर्सी सिटीत होतं, आणि तिथे मला सोय म्हणून नाही, कंपनीने पाठवलं म्हणून जात होतो. असाइनमेंट लेटर जोडून हे एवढंच लिहिलं. त्यावर कोणी वाद घातला नाही.

गंमत म्हणजे व्हिसाच्या बाजूने काहीच बिघडलं नव्हतं. एच-वन-बीवाल्याच्या कामाची जागा महानगर क्षेत्राबाहेर गेली तर सुधारित अर्ज लागतो (२०१५ च्या सिमिओ निकालापासून हे सगळ्यांना पाठ आहे), पण न्यूयॉर्क, न्यूअर्क आणि जर्सी सिटी हे एकच क्षेत्र धरतात. म्हणजे हडसन नदी इमिग्रेशनला दिसत नाही, करखात्याला मात्र चांगली दिसते. आमच्या पेरोलने बहुधा इमिग्रेशनचा चष्मा लावला असावा.

कर सोडा, बेकारी विम्याचं काय? तो कुठल्या राज्यात भरायचा हे मुख्यतः काम कुठे होतं यावरून ठरतं. माझ्या जागी ग्रीन कार्डवाला कुणी असता, ले-ऑफ झाला असता आणि न्यू जर्सीकडे क्लेम करायला गेला असता, तर तिथे त्याच्या नावावर पगारच दिसला नसता. घरभाडं थकायच्या दिवसांत त्याने ही भांडणं करायची का?

आता आपल्याच धंद्याबद्दल थोडं. ही चूक कुणा क्लार्कची नाही, ती टेबल डिझाइनची आहे. 'स्टेट' नावाचा एकच कॉलम. राहतो ते राज्य आणि काम करतो ते राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना 'कधीपासून कधीपर्यंत' लागतं, हे कॉलेजात पहिल्या डेटाबेसच्या तासाला शिकलेला माणूससुद्धा सांगेल. प्रोजेक्ट बदलला की कामाचा पत्ता विचारणारी एक साधी खिडकी पुरली असती. पण तो पत्ता बिलिंगवाल्यांच्या सिस्टीममध्ये असतो, कारण क्लायंटला बिल वेळेवर जायला हवं. तिथे अठरा वेळा चूक झाली असती का? छे!

आणि आपण? लंच टेबलवर सांगितलं तर तिघांपैकी दोघे म्हणाले, जाऊ दे रे, मिळतील एप्रिलनंतर. एचआरशी कशाला वाकड्यात जायचं, पुढच्या वर्षी ग्रीन कार्डची फाइल आहे. हेच दोघे रेस्टॉरंटच्या बिलात चुकून लागलेल्या पापडासाठी वेटरला परत बोलावतात! चूक दाखवणं म्हणजे तक्रार करणं, आणि तक्रार म्हणजे उद्धटपणा, हे आपल्यात इतकं मुरलंय की आपलेच पैसे मागताना मेलमध्ये तीनदा सॉरी लिहितो. मीही लिहिलं होतं. तिसऱ्या मेलमध्ये काढून टाकलं.

त्या तिसऱ्या मेलमध्ये एकच मुद्दा होता : ३१ डिसेंबर. वर्ष चालू असेपर्यंत एम्प्लॉयर जास्त कापलेला कर कर्मचाऱ्याला परत देऊन स्वतःचा हिशेब जुळवू शकतो. न्यूयॉर्कचं तिमाही एनवायएस-४५ दुरुस्त करायचं, न्यू जर्सीचं एनजे-९२७ भरायचं, काम संपलं. वर्ष उलटलं की तेच काम माझ्या रिटर्नवर येऊन पडतं. म्हणून तारीख घालून विचारलं, की नोव्हेंबरच्या कुठल्या पगारात दुरुस्ती दिसेल? आणि नवा एनजे-डब्ल्यू-४ भरून सोबत जोडला, म्हणजे 'फॉर्म नाही' हे उत्तर येऊ नये.

नोव्हेंबर काही जमलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या पगारात न्यूयॉर्कच्या ओळीत उणे चिन्ह आलं आणि न्यू जर्सीची ओळ एकदम जाड झाली. जानेवारीत डब्ल्यू-टू आला त्यात न्यूयॉर्कसमोर पूर्ण वर्षाचा पगार बघून पुन्हा छातीत धस्स झालं, पण न्यूयॉर्कचा नियमच तसा आहे. तिथे फेडरलचाच आकडा छापतात आणि खरी वाटणी आयटी-२०३ सोबतच्या पुरवणीत करायची असते. कापलेला कर फक्त जानेवारीचा होता, तो बरोबर.

फक्त एसडीआय तसाच राहिला होता. अठरा पगारांचे २१ डॉलर ६० सेंट. त्यासाठी चौथी मेल टाकली. ते यायला मार्च उजाडला.