लॉग घेणे म्हणजे नक्की काय घेणे?

मंडळी, एक सोप्पा प्रश्न. २ चा पाचवा घात ३२. हेच आता लॉगच्या रूपात लिहा. लिहिलंत? 'पाया २ धरून ३२ चा लॉग ५.' शाब्बास, पैकीच्या पैकी मार्क! आता सांगा, तुम्ही नक्की केलंत काय?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: "पाया खाली लिहायचा, घात पलीकडे न्यायचा." म्हणजे घरातलं फर्निचर हलवलं. कॉलेजात या धड्याचं एवढंच होतं, आणि माझा राग त्यावरच आहे.

अहो, गोष्ट एकच असली तरी प्रश्न दोन आहेत. पहिला: २ पाच वेळा घेऊन गुणले तर किती? दुसरा: ३२ व्हायला २ किती वेळा घ्यावे लागतील? लॉग म्हणजे हे 'किती वेळा?' बास!

"पण पेपरात लॉग टेबल बघता यायला हवं ना?" हवं की. बारावी बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पण टेबल हा नेपियरच्या १६१४ सालच्या पुस्तकाचा वारसा, मोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. ते काम आता मोबाईल करतो. घातांकाशी घातलेली सांगड ऑयलरनं १७४८ च्या पुस्तकात पक्की केली, आणि खरी गरज तिचीच आहे.

कुठे? तुमच्या पाकिटात! क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के चक्रवाढ धरा. काहीच भरलं नाही तर बाकी दुप्पट कधी? तोंडी हिशोबवाले १०० भागिले ३.५ करून म्हणतात, २९ महिने. साफ चूक! १.०३५ चा कितवा घात २ होतो, हा प्रश्न आहे. महिने घातात जाऊन बसलेत, त्यांना खाली ओढायला लॉगच लागतो: ०.३०१० भागिले ०.०१४९. जेमतेम २० महिने! दंड आणि टॅक्स वेगळेच.

आणि आपण आयटीवाले? क्रमाने लावलेल्या १०० कोटी नोंदींत बायनरी सर्चला ३० तुलना पुरतात, कारण २ चा तिसावा घात १०० कोटींच्या वर जातो. इंटरव्ह्यूत 'लॉग एन' सगळेच म्हणतात. का, ते विचारलं की शांतता.

तेव्हा पेपर काढणाऱ्यांनो, 'रूपांतर करा'च्या खाली एक ओळ वाढवा राव: 'हे समीकरण कोणता प्रश्न विचारतंय ते लिहा.' एका मार्काला का होईना.