प्रोस्टेट कर्करोग : जनुकीय चाचणी आली, समजावून सांगणार कोण?

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, कर्करोगावरील उपचारांत गेल्या दशकात मोठा बदल झाला आहे. रुग्णाच्या रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून त्याला आनुवंशिक दोष आहे का, हे तपासता येते आणि काही रुग्णांच्या बाबतीत औषधाची निवडही त्यावर ठरते. मात्र गरीब, ग्रामीण किंवा अल्पशिक्षित पुरुषापर्यंत ही चाचणी पोहोचली, तरी तिचा अर्थ पोहोचतोच असे नाही. प्रश्न आता यंत्रांचा कमी आणि संवादाचा अधिक आहे.

‘द लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये वर्तविलेल्या अंदाजानुसार, जगातील या कर्करोगाच्या नव्या रुग्णांची वार्षिक संख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० मध्ये २९ लाखांवर जाईल. वाढीचा मोठा भार अल्प व मध्यम उत्पन्न गटातील देशांवर पडणार आहे. याच देशांत रोग शरीरात पसरल्यानंतर रुग्णालय गाठणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, आणि जनुकीय चाचणीची शिफारस प्रामुख्याने अशाच रुग्णांसाठी केली जाते.

या शिफारशीला ठोस आधार मिळाला तो २०१६ मध्ये. कर्करोग शरीरात पसरलेल्या ६९२ पुरुषांच्या अभ्यासात सुमारे १२ टक्के रुग्णांमध्ये डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांचे जन्मजात दोष आढळले. त्यात बीआरसीए-२ या जनुकाचा वाटा सर्वांत मोठा होता. कुटुंबात प्रोस्टेटच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांत या दोषांचे प्रमाण वेगळे नव्हते, हा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. ‘आमच्या घरात कुणालाच नव्हता’ हे उत्तर चाचणी टाळण्यास पुरेसे नाही, असा त्याचा अर्थ होतो. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा दोषांच्या रुग्णांसाठी ओलापॅरिब आणि रुकापॅरिब या औषधांना मान्यता दिली आणि चाचणीचा उपचाराशी थेट संबंध जोडला गेला.

गोंधळ मात्र शब्दांपासूनच सुरू होतो. पीएसए ही रक्तचाचणी जनुकीय नाही. ती ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन मोजते. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी वेगळी आणि जन्मजात दोष शोधणारी तपासणी वेगळी. पहिलीत आढळलेला बदल केवळ गाठीपुरता असू शकतो. दुसरीत आढळलेला दोष अपत्यांकडे जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी ५० टक्के असते. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने करोनाच्या काळात जो अर्थ धारण केला, तोच येथे लावला तर निरोगी मुलगाही स्वतःला रुग्ण समजू लागेल. उलट ‘निगेटिव्ह’ म्हणजे कर्करोग होणारच नाही, असेही नव्हे.

या समजावण्याच्या कामात अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे श्वेतवर्णीयांच्या तुलनेत कृष्णवर्णीय पुरुषांचा या कर्करोगाने होणारा मृत्युदर सुमारे दुप्पट आहे; तरीही जनुकीय संशोधनात त्यांचा सहभाग अत्यल्प राहिला. अविश्वासाला इतिहास आहे. अलाबामातील टस्कगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य यंत्रणेने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले. अशा समाजाला रक्ताचा नमुना मागताना एक माहितीपत्रक हाती देऊन भागत नाही.

म्हणून तेथे आरोग्यसंवाद केशकर्तनालये आणि चर्चपर्यंत नेण्यात आला. लॉस एंजेलिसमधील ५२ केशकर्तनालयांत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रक्तदाबाच्या अभ्यासात, औषधतज्ज्ञ थेट दुकानात आल्यावर ग्राहकांचा रक्तदाब लक्षणीयरीत्या घटला. रक्तदाब आणि जनुके यांत अंतर आहे, हे खरे. पण ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसासमोर पुरुष बोलतात, एवढे त्यातून दिसले. जनुकीय समुपदेशकांची टंचाई अमेरिकेलाही आहे. त्यामुळे चाचणीपूर्वीची माहिती छोट्या चित्रफितींतून देऊन समुपदेशकाचा वेळ गुंतागुंतीच्या अहवालांसाठी राखण्याचे प्रयोग तेथे होत आहेत.

भारतात वांशिक इतिहास वेगळा असला, तरी मौन तेवढेच दाट आहे. लघवीची तक्रार ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून दिली जाते. बीआरसीए हे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांच्या लेखीही ते स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेले असते. कौटुंबिक इतिहास विचारला की पुरुष वडील, काका, आजोबा मोजतात. मावशीचा स्तनाचा कर्करोग किंवा ‘पोटात गाठ होऊन गेलेली’ आजी त्या मोजणीत येत नाही. प्रत्यक्षात हा दोष आईकडूनही तितकाच येतो. आणि घरात आनुवंशिक दोष असल्याचे कळले तर मुलींच्या लग्नाचे काय, ही भीती अनेकदा खर्चापेक्षा मोठी ठरते. ती हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरला खरे उत्तर मिळणार नाही.

विम्याची धास्तीही निराधार नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीच्या आधारे आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारण्यास मनाई केली. आयुर्विमा मात्र त्याबाहेर राहिला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारी अट भेदभावपूर्ण ठरवली आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने अशा अटीवरून दावे न फेटाळण्याची सूचना कंपन्यांना दिली. तथापि न्यायालयीन निकाल आणि परिपत्रक ही कायद्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आणखी एक अडचण विज्ञानाची आहे. अनेक अहवालांत ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ अशी नोंद येते. ज्या समाजांची जनुकीय माहिती कमी साठलेली आहे, त्यांच्यात ही नोंद अधिक येते आणि भारतीय त्यात मोडतात. जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जमविली, ही चांगली सुरुवात आहे. तोवर अनिश्चित बदल म्हणजे दोष नव्हे, त्यावर उपचार बदलायचा नसतो, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे अटळ आहे.

देशातील सार्वजनिक कर्करोग तपासणी मुख, स्तन आणि गर्भाशयमुखापुरती आहे. प्रोस्टेटसाठी सरसकट तपासणी सुरू करावी की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि तो वाद येथे सोडविण्याची गरज नाही. आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येकासाठी जो जोखीम अर्ज भरते, त्यात आई-वडील व भावंडांच्या रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराची विचारणा असते, कर्करोगाची नसते. तो एक प्रश्न, आईकडील नातेवाइकांसह, त्यात घालणे खर्चिक नाही. मात्र पुरुषाने तो आशाताईंसमोर मोकळेपणाने ऐकावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. पुरुष आरोग्यसेवकाला हे काम देता येईल. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधील रुग्णालयांना दूरध्वनीवरून समुपदेशनाची सोयही करता येईल.

परदेशांतील जनुकीय चिकित्सालये दोष आढळलेल्या रुग्णाच्या हाती नातेवाइकांसाठी एक छोटे पत्र देतात. दोषाचे नाव, कोणी तपासणी करावी आणि कुठे जावे, एवढेच त्यात असते. आपल्याकडे इंग्रजीतील अनेक पानी अहवाल रुग्णाच्या फाइलमध्येच राहतो. मराठी, कन्नड वा ओडियातील असे एक पान त्याच्या सासरी गेलेल्या बहिणीपर्यंत पोहोचले, तर तिची स्तन व बीजकोशाची तपासणी वेळेत होऊ शकते.