रामा शेट्टीच्या चेहऱ्यातले जोतिबा



सदाशिव अमरापूरकर हे नाव काढले की आपल्या उमरग्यातले पन्नाशीचे माणूस चटकन म्हणेल, ‘‘सडकमधली महाराणी!’’ हिंदी पडद्याने त्यांना दिलेली ही ओळख. पण ज्यांची तसबीर आपल्या घराघरांत आहे, ते महात्मा जोतीराव फुले याच नटाने दूरदर्शनवर उभे केले, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

अमरापूरकर अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. जन्म ११ मे १९५०. मराठी रंगभूमीवर ते घडले. १९७९ च्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात ते लोकमान्य टिळक झाले. ‘हँड्स अप’ नाटकातले त्यांचे काम पाहून गोविंद निहलानी यांनी त्यांना ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) घेतले. आवाज न चढवता अंगावर काटा आणणारा रामा शेट्टी त्यांनी रंगवला आणि सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. मग ‘हुकूमत’ आला, ‘सडक’ (१९९१) आला. खलनायकासाठीचा पहिलावहिला फिल्मफेअर पुरस्कार महाराणीलाच मिळाला. पुढे हाच माणूस ‘आँखें’मध्ये विनोदी पोलीस अधिकारी आणि ‘कुली नंबर १’मध्ये लग्न जुळवणारा मध्यस्थ होऊन लोकांना पोट धरून हसवू लागला.

या धामधुमीतच १९८८ साली श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये त्यांनी जोतिबा साकारले. चेहरा तोच. धंदेवाईक सिनेमाला त्यात गुंड दिसला, बेनेगलांना सत्यशोधक दिसला. म्हणजे खोट चेहऱ्यात नसते, भूमिका वाटणाऱ्याच्या नजरेत असते.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. गावकुसाबाहेरच्या माणसाला इथल्या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या एकच भूमिका दिली. नटाला निदान दुसऱ्या खेळात दुसरे सोंग मिळते, आपल्या आजा-पणजाला तेही नव्हते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ती संहिताच जाळली, म्हणून आज आपली लेकरे डॉक्टर, शिक्षक, अधिकारी होत आहेत.

याच कसोटीवर महाराणीकडेही पाहिले पाहिजे. अभिनय अव्वल, यात शंका नाही. पण तृतीयपंथी म्हणजे क्रूर, हा समज त्या चित्रपटाने घट्ट केला. दोष नटाचा कमी, लिहिणाऱ्याचा अधिक. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. जी वागणूक आपण सोसली, ती आपण दुसऱ्याला देता कामा नये.

पडद्याबाहेरचे अमरापूरकर सामाजिक कामात रमणारे होते. २०१३ साली मराठवाडा दुष्काळाने होरपळत होता. आपल्या जिल्ह्यातल्या मायबहिणी घागरी घेऊन टँकरची वाट पाहत होत्या. त्या वर्षीच्या होळीत मुंबईत राहत्या ठिकाणी चाललेल्या पाण्याच्या नासाडीला त्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना धक्काबुक्की झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. जोतिबांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. जोतिबांची भूमिका करणारा माणूस उतारवयात पाण्यासाठीच उभा राहिला, ही गोष्ट मला त्यांच्या पुरस्कारांहून मोठी वाटते. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

मायबहिणींनो, ‘भारत एक खोज’मधला फुल्यांचा तो भाग आता मोबाइलवरही पाहायला मिळतो. एखाद्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर तो मुलांना दाखवा. मग महाराणीचे चित्र दाखवून सांगा, दोघे एकच. मुले चकित होतील. तेव्हाच त्यांना विचारा, ‘‘बाळांनो, तुमची भूमिका कोण ठरवणार?’’ आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.

जयभीम!