लव्हस्टोरीवर ‘यूए १६+’ लिहिलंय, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांना थिएटरमध्ये सोडत नाहीत का?

जुलै २०२५मध्ये ‘सैयारा’ आला आणि थिएटरमध्ये रडणाऱ्या पोरापोरींच्या रील्सनी सगळ्यांचं फीड भरून गेलं. मोहित सुरीच्या या सिनेमाने देशात ३०० कोटींहून जास्त कमाई केली. त्यावर शिक्का होता ‘यूए १६+’चा. मग दहावीतली मुलं आत गेली कशी? उत्तर कायद्यातच आहे.

आधी काय होतं?

१९८३पासून आपल्याकडे चार प्रमाणपत्रं आहेत. ‘यू’ सगळ्यांसाठी, ‘ए’ फक्त १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी, ‘एस’ डॉक्टरांसारख्या ठरावीक प्रेक्षकांसाठी आणि मधलं ‘यूए’. ‘यूए’ म्हणजे १२ वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा सिनेमा.

२०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+.

मग १६+ ही बंदी आहे का?

नाही. हा आकडा पालकांसाठी सल्ला आहे. पालक सोडून दुसऱ्या कुणालाही तो लागू करता येणार नाही, असं कायद्यातच म्हटलंय. त्यामुळे १६+ पाहून गेटवरचा माणूस १५ वर्षांच्या मुलीला अडवू शकत नाही. ‘ए’चं मात्र तसं नाही. तिथे १८ खालच्यांना आत सोडणं बेकायदा आहे.

निर्मात्यांना याचं एवढं काय?

लव्हस्टोरीचा हक्काचा प्रेक्षक शाळा-कॉलेजातला असतो. ‘सैराट’ची नायिका रिंकू राजगुरू शूटिंगच्या वेळी स्वतः शाळेत होती. त्या सिनेमाला ‘ए’ मिळालं असतं, तर आर्चीलाच थिएटरात बसता आलं नसतं! शिवाय ‘ए’ सिनेमा आहे तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. त्यासाठी काटछाट करून ‘यूए’ मिळवावं लागतं. म्हणून काही सेकंदांचं दृश्य कापून ‘यूए’ घेणं निर्मात्यांना परवडतं.

‘ए’ घेऊन सिनेमा चालतच नाही, असंही नाही. २०१९चा ‘कबीर सिंग’ ‘ए’ असूनही देशात २५० कोटींच्या वर गेला. तो पाहायला अल्पवयीन मुलांनी आधार कार्डवरची जन्मतारीख बदलल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे शिक्क्याने कुतूहल कमी झालं नाही, उलट वाढलंच.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती कात्री कशावर चालते यात. ‘सैयारा’च्या आठवडाभर आधी आलेल्या हॉलिवूडच्या ‘सुपरमॅन’मधलं ३३ सेकंदांचं चुंबन बोर्डाने कमी करायला लावलं. चुंबन घड्याळ लावून मोजता येतं. पण ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलीचा अख्खा सिनेमाभर पाठलाग करणारा नायक शेवटी तिचं मन जिंकतो, हे किती सेकंदांचं दृश्य धरायचं?

बोर्डाला हे कळण्याचा मार्गच नाही, असंही नाही. सिनेमा एकूण परिणाम पाहून तपासावा आणि स्त्रियांचा अवमान करणारी दृश्यं नसावीत, असं १९९१च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय. पण चर्चा होते ती बहुतेक वेळा चुंबन, शिवी आणि कपड्यांचीच. तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रेम म्हणजे काय याचं पहिलं चित्र अनेकांना सिनेमातूनच मिळतं. पडद्यावर संमतीने घेतलेल्या चुंबनापेक्षा नकार न ऐकणारा हिरो त्या वयात जास्त धोक्याचा असू शकतो. ते मात्र आकड्यात दिसत नाही.

मग तुम्ही काय करू शकता?

१६+ दिसलं की ट्रेलर आणि एखादं परीक्षण आधी बघा. जमलं तर मुलांसोबतच जा. ओटीटीवर १३+ आणि त्यावरच्या कंटेंटला पॅरेंटल लॉक देणं २०२१च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मना बंधनकारक आहे. ते लॉक सुरू करणं मात्र तुमच्याच हातात आहे.

आणि सिनेमा संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: “त्या मुलीच्या जागी तू असतीस, किंवा ती तुझी मैत्रीण असती, तर तो हिरो आवडला असता का?” सेन्सॉर बोर्डाने मुलांचं वय सांगितलंय. पुढचं बोलणं कायद्याने तुमच्यावरच सोडलंय.