नळी काढतानाचा खोकला

ऑपरेशन ठरले की सर्जन कोण, त्यांचा हात कसा आहे, खर्च किती येईल, हे सारे आपण चार ठिकाणी विचारून घेतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणे मात्र पाच मिनिटांत उरकते. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ते खाटेजवळ येतात. खोकला आहे का, विडी-सिगारेट ओढता का, असे विचारतात. भोवती सुना, जावई, नातवंडे बसलेली असतात. अब्बा सर्वांवरून एक नजर फिरवतात आणि 'नाही' म्हणतात. या 'नाही'चा परिणाम ऑपरेशन संपल्यावर, भूल उतरत असताना दिसतो, म्हणून या महिन्यात त्याबद्दल लिहीत आहोत.

पूर्ण भूल दिली की श्वास घेणारे स्नायू ढिले पडतात. मग तोंडातून, स्वरयंत्राच्या पलीकडे, श्वासनलिकेत एक नळी बसवतात आणि मशीन श्वास देते. घशात नळी घालण्याची कल्पना जुनी आहे. इब्न सीना यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात, सुमारे हजार वर्षांपूर्वी, श्वास अडलेल्या रुग्णासाठी सोन्या-चांदीच्या नळीचा उल्लेख येतो. भुलीसाठी तिचा वापर रूढ व्हायला मात्र पहिल्या महायुद्धानंतरचा काळ उजाडला. चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर ऑपरेशन करायचे, तर तोंडावर मास्क धरणार कुठे? इंग्लंडमध्ये इव्हान मॅगिल यांनी त्यासाठी रबरी नळी वापरात आणली. आजची नळी प्लास्टिकची असते. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो फुगवला की बाजूने हवा गळत नाही, आणि पोटातले किंवा तोंडातले पाणी फुप्फुसात उतरत नाही.

रुग्ण गाढ भुलीत असतो तोवर त्याला नळीचा पत्ता नसतो. औषधे कमी झाली, शुद्ध येऊ लागली, की घशात काहीतरी अडकले आहे हे शरीराला कळते आणि ठसका लागतो. बऱ्याच जणांना तो लागतो. एकदोन ठसके आले आणि नळी निघाली, तर त्यात काळजीचे काही नाही. खोकला ही अल्लाहने दिलेली राखणच आहे. तो परत आला म्हणजे घसा जागा झाला. म्हणून भूलतज्ज्ञ खोकला पुरता मारून टाकत नाहीत, त्याची उबळ होऊ नये एवढे पाहतात.

उबळ लागली तर काय बिघडते, हे ऑपरेशनवर अवलंबून आहे. हर्नियाच्या ताज्या टाक्यांवर ताण येतो. थायरॉइडच्या ऑपरेशनानंतर मानेत पुन्हा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. मेंदूच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनात आतला दाब वाढतो. (मोतीबिंदूला सहसा पूर्ण भूल लागत नाही, तेव्हा त्याची चिंता नको.) हृदयविकार असलेल्या माणसाची नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात, तेही बरे नाही.

यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडी बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन, नळी काढण्याआधी बेताच्या प्रमाणात शिरेतून देतात. काही ठिकाणी नळीच्या फुग्यात हवेऐवजी तेच भरतात, म्हणजे ते हळूहळू झिरपून घसा शांत ठेवते. रेमिफेंटानिल किंवा डेक्समेडेटोमिडीन यांसारखी औषधे भूल उतरताना थोडी चालू ठेवतात. भूल वायूऐवजी शिरेतून, प्रोपोफोलवर चालवली तर जागे होताना खोकला कमी येतो. काही ऑपरेशनांत नळी श्वासनलिकेत घालतच नाहीत. ब्रिटिश डॉक्टर आर्ची ब्रेन यांनी 1981 साली तयार केलेला मास्क स्वरयंत्राच्या वरच बसतो, त्यामुळे घसा फार चाळवत नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे रुग्ण गाढ भुलीत असतानाच नळी काढून घेणे. पण तो सर्वांसाठी नाही. पोट भरलेले असेल, माणूस फार स्थूल असेल, झोपेत घोरताना त्याचा श्वास मध्येच थांबत असेल, किंवा नळी घालणेच अवघड गेले असेल, तर तो पूर्ण जागा होईपर्यंत नळी ठेवावीच लागते. इथे गुटख्याची गोष्ट येते. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे आपल्या मोहल्ल्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. गुटखा आणि सुपारीने तोंडाचे आतले अस्तर कडक होते, जबडा उघडेनासा होतो. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवे. त्यांची सारी तयारी त्याने बदलते.

विडी-सिगारेटचेही तसेच. ओढणाऱ्याची श्वासनलिका चिडलेली असते, कफ जास्त असतो, ठसका जोराचा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले, की ऑपरेशनच्या चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडली तर गुंतागुंतीचा धोका कमी होतो. तारीख पुढची असेल तर हे चार आठवडे हातात आहेत. रमजानमध्ये दिवसभर तलफ आवरणाऱ्याला हे अशक्य आहे असे आम्हाला तरी वाटत नाही. तारीख उद्याची असेल तर निदान खरे सांगा. घरच्यांसमोर सांगणे जड वाटत असेल तर 'डॉक्टरसाहेब, जरा एकट्याने बोलायचे आहे' एवढे म्हटले तरी पुरते. सुनांनी आणि मुलांनीही त्या पाच मिनिटांपुरते बाहेर जाऊन बसावे.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर आयुष्य गेलेल्यांनी कापसाच्या धुळीचा जुना खोकला सांगावा. तो 'नेहमीचाच' म्हणून सोडून देऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, कारण रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. मुलाला सर्दी-ताप असेल तर तो लपवू नये. सुंतेसाठी किंवा टॉन्सिलसाठी ठरलेली तारीख डॉक्टरांनी पुढे ढकलली, तर दावतीचे आमंत्रण गेले आहे म्हणून हट्ट धरू नये.

उपाशी राहण्याबद्दल सांगतात तेही काटेकोर पाळावे. साधारणपणे हलके खाणे सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद होते. तळलेले, मटणाचे जेवण आठ तास तरी आधी संपलेले असावे. सेहरी करून सकाळी ऑपरेशनला येणारे लोक आहेत, आणि 'रोजा आहे' म्हणताना सेहरीत काय खाल्ले ते सांगत नाहीत. डॉक्टरांना रोज्यापेक्षा शेवटच्या घासाची वेळ कळणे गरजेचे असते. आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत दीनमध्ये आहे, ती घ्यावी.

रुग्ण वॉर्डात आला की खाला, फुफी जमजमची बाटली घेऊन उभ्या असतात. भावना चांगली आहे, पण घसा अजून सुस्त असतो आणि पाणी चुकीच्या वाटेने जाऊ शकते. नर्सने सांगेपर्यंत एक चमचाही देऊ नका. ओठ ओल्या कापसाने पुसले तरी चालतात. घसा एकदोन दिवस खवखवतो, आवाज थोडा बसतो, ते आपोआप कमी होते. पोटाचे ऑपरेशन असेल तर खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला शिकवा. थायरॉइडचे असेल आणि मान फुगू लागली, श्वास घेताना घरघर आली, तर सलाम करायला आलेल्यांना बाजूला सारून त्याच क्षणी नर्सला हाक मारा, बेल वाजवून वाट पाहत बसू नका.