विश्लेषण : कंदापासून इथेनॉल, पाल्यापासून चारा, मग जमिनीला काय उरणार?

उपवासाच्या साबुदाण्यामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला कसावा (टॅपिओका) जगाच्या बाजारात इंधन आणि पशुखाद्याचे पीक म्हणून ओळखला जातो. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही इथेनॉलसाठीच्या कच्च्या मालात मका, खराब धान्य आणि बटाट्याबरोबर कसाव्याचे नाव आहे. ऊस आणि मक्यावरील ताण पाहता कंदपिकांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मात्र हे पीक जमिनीतून नेमके काय उचलते आणि त्यातले परत किती येते, हा हिशोब आधी मांडावा लागतो.

कंदपिकांची चर्चा आताच का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०३० वरून २०२५-२६ वर आणले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि मक्याची मागणी झपाट्याने वाढली. त्याची झळ कुक्कुटपालन आणि पशुखाद्य उद्योगाला बसली, कारण कोंबडीचे खाद्यही मक्याचेच. कसावा कमी पावसात आणि हलक्या जमिनीतही तग धरतो. स्टार्चच्या प्रमाणानुसार एक टन ओल्या कंदापासून साधारण १५० ते १८० लिटर इथेनॉल मिळू शकते. शिवाय पाला जनावरांना घालता येतो. एकाच पिकात इंधन आणि चारा, असे हे गणित वरकरणी आकर्षक दिसते.

भारतात कसावा कुठे होतो?

प्रामुख्याने केरळ आणि तामिळनाडूत. केरळमध्ये तो जेवणात असतो, तर तामिळनाडूतील सेलम-नामक्कल पट्ट्यात त्यापासून स्टार्च आणि साबुदाणा तयार होतो. महाराष्ट्रात येणारा साबुदाणा मुख्यतः याच पट्ट्यातला. कारखान्यातून निघणारा चोथा आजही पशुखाद्य म्हणून विकला जातो. या पिकावरील संशोधनासाठी तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था कार्यरत आहे.

हे पीक जमिनीतून नेमके काय उचलते?

हलक्या जमिनीत वाढतो म्हणून कसाव्याला खतच लागत नाही, असा समज आहे. त्याची जाड, विरळ मुळे स्वबळावर फारसे स्फुरद शोषू शकत नाहीत. हे काम मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी करते. तिचे तंतू मुळांच्या आवाक्यापलीकडच्या मातीतून स्फुरद आणून देतात. त्यामुळे पीक गरीब जमिनीतही उभे राहते. पण बुरशी जमिनीत आहे तेच आणून देते, नवे काही भरत नाही.

पालाशचे गणित याहून कडक आहे. पानात तयार झालेली साखर कंदापर्यंत पोहोचवण्यात आणि तिचे स्टार्च होण्यात पोटॅशियमची भूमिका कळीची असते. ते कमी पडले तर कंदाचे वजन आणि स्टार्चचे प्रमाण घटते, तसेच कंदातील सायनाइडयुक्त घटक वाढतात. उलट नत्राचा मारा जास्त झाला तर झाड पाल्यात फोफावते आणि कंद मागे पडतो. म्हणजे इथेनॉलसाठी हवा असलेला स्टार्च पालाशवर, तर चाऱ्यासाठी हवा असलेला पाला नत्रावर पोसला जातो.

आकड्यांत हे किती होते?

वाण आणि जमिनीनुसार आकडे बदलतात, पण ढोबळ अंदाज करता येतो. एक टन ओल्या कंदाबरोबर साधारण अडीच किलो नत्र, अर्ध्या किलोपर्यंत फॉस्फरस आणि तीन किलोच्या आसपास पोटॅशियम शेताबाहेर जाते. एकरी १२ टन उत्पादन धरल्यास ३० किलो नत्र आणि ३६ किलो पोटॅशियम गेले. खताच्या भाषेत हे सुमारे ६५ किलो युरिया आणि ७० किलोहून थोडे अधिक म्युरेट ऑफ पोटॅश झाले. पाला आणि खोडाचा भाग शेतातच राहिला, तर नुकसान इथवर थांबते, कारण झाडाने घेतलेल्या नत्राचा मोठा वाटा पानांत असतो आणि गळलेल्या पानांवाटे तो मातीत परततो.

पाला चाऱ्यासाठी कापला तर काय बदलते?

हिशोब इथेच उलटतो. कसाव्याच्या सुक्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिने असतात. प्रथिनांत नत्राचा वाटा साधारण सोळा टक्के. त्यामुळे २२ टक्के प्रथिने असलेला एक टन सुका पाला शेतातून ३५ किलो नत्र घेऊन जातो. १२ टन ओल्या कंदाबरोबर जाते त्यापेक्षा हे जास्त आहे. दर दोन-तीन महिन्यांनी पाला कापत राहिल्यास हा आकडा वर्षभरात कितीतरी पट होतो, शिवाय पाने कमी झाल्याने कंदही लहान राहतात.

थायलंडमधील खोन केन विद्यापीठात मेथा वानापाट यांनी कसाव्याचा पाला वाळवून दुभत्या जनावरांना देण्याच्या पद्धतीवर बरेच काम केले आहे. वाळवणे महत्त्वाचे, कारण कोवळ्या ज्वारीने जनावरांना किराळ लागते तोच धोका ओल्या कसाव्यातही असतो. पाला सुकवल्याने किंवा त्याचा मुरघास केल्याने सायनाइडचे प्रमाण बरेच उतरते.

पालाश इथेनॉलमधून निघून जाते का?

नाही, आणि हाच यातला सर्वात आशादायक मुद्दा आहे. इथेनॉलमध्ये फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. तिन्ही मूलद्रव्ये हवा आणि पाण्यातूनच आलेली असतात. कंदातील नत्र, स्फुरद आणि पालाश चोथ्यात आणि आसवनीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंट वॉशमध्ये उरते. ते योग्य प्रक्रिया करून शेतात परत आले तर चक्र पूर्ण होते. नदी-नाल्यात गेले तर प्रदूषण होते आणि शेतकऱ्याला तेच पालाश पुन्हा विकत घ्यावे लागते. भारत म्युरेट ऑफ पोटॅशसाठी पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना हा मार्ग अनोळखी नाही. मळीवर आधारित आसवनीत स्पेंट वॉश जाळून उरणाऱ्या राखेपासून १४.५ टक्के पालाश असलेले खत तयार होते. २०२१ मध्ये केंद्राने त्याचा समावेश पोषणद्रव्य आधारित अनुदान योजनेत केला.

चाऱ्यातील अन्नद्रव्ये परत येतात का?

जनावर गोठ्यात असेल तर बऱ्याच अंशी येतात. खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेण-मूत्रातून बाहेर पडतो, तर पालाश मुख्यतः मूत्रातून. त्यामुळे शेण उकिरड्यावर जपले आणि मूत्र वाहून गेले, तर पालाशचा मोठा हिस्सा हातचा गेला. पाला दूरच्या पशुखाद्य कारखान्याला विकला तर मात्र काहीच परत येत नाही.

यापूर्वीचा अनुभव काय सांगतो?

१९७० च्या दशकात युरोपात धान्याच्या किमती धोरणामुळे चढ्या होत्या. तेव्हा तेथील पशुपालकांनी थायलंडमधून वाळवलेला कसावा मोठ्या प्रमाणावर आणला. ही आयात एवढी वाढली की १९८२ मध्ये करार करून तिच्यावर मर्यादा घालावी लागली. थायलंडच्या हलक्या जमिनींतून निघालेली अन्नद्रव्ये युरोपच्या गोठ्यांत पोहोचली. नेदरलँड्समध्ये अशा आयात खाद्यावर वाढलेल्या पशुधनाच्या शेण-मूत्राचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. पुढे चीन थायलंडच्या कसाव्याचा मोठा ग्राहक झाला, तोही इथेनॉल आणि पशुखाद्यासाठी. थायलंडमधील दीर्घकालीन चाचण्यांत, खताविना त्याच शेतात कसावा घेत राहिल्यास उत्पादन घटते आणि कालांतराने पालाशची कमतरता सर्वात आधी जाणवते, असे दिसले आहे.

उपाय काय?

केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने पालाशचा कार्यक्षम वापर करणारा ‘श्री पवित्रा’ हा वाण विकसित केला आहे. कमी खतात तो चांगले उत्पादन देतो, पण उचल शून्य करत नाही. शिफारशीनुसार हेक्टरी साडेबारा टन शेणखत आणि १००:५०:१०० किलो नत्र, स्फुरद, पालाश द्यावे लागते. पाला कापणार असल्यास त्यात भर घालणे ओघाने आले. माती परीक्षण, द्विदल आंतरपीक आणि पाला कापण्याची मर्यादा हे शेतकऱ्याच्या हातातले उपाय आहेत.

त्यापलीकडचा उपाय कराराचा आहे. आज कंदाचा दर वजन आणि स्टार्चवर ठरतो, त्याबरोबर गेलेल्या पालाशची किंमत कुणी धरत नाही. इथेनॉल प्रकल्प कंद खरेदी करणार असेल, तर चोथा आणि राख किती आणि कोणत्या दराने परत मिळणार, हे करारातच लिहिलेले असायला हवे. अन्यथा स्वस्त इंधनाच्या खर्चाचा एक हिस्सा शेतकऱ्याच्या जमिनीतून जाईल आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही.