तपासाची दप्तरे अभ्यासाला खुली करा : गुन्हे, पीडित आणि आरोपी यांवरील संशोधनासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अपर पोलीस महासंचालक, गुन्हे अन्वेषण विभाग, पुणे

विषय : पोलीस तपासाच्या नोंदींवर आधारित संशोधनाला कायमस्वरूपी परवानगी-पद्धत, त्यातील पीडितांचे संरक्षण आणि निष्कर्षांचा वापर याबाबत.

महोदय,

महाराष्ट्रात गुन्हा दाखल झाला आणि दोषारोपपत्र न जाता तपास संपला, की त्या प्रकरणाला तीनपैकी एक अक्षर लागते. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली असे तपासी अधिकाऱ्याचे मत झाले, तर ‘ब’. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून प्रकरण उभे राहिले असे दिसले, तर ‘क’. कोणत्या फिर्यादीला कोणते अक्षर लागते, तपासाच्या कितव्या महिन्यात लागते, तोवर जबाब किती वेळा फिरलेला असतो, फिर्यादी शेतमजूर किंवा परजिल्ह्यातली बाई असेल तर फरक पडतो का, या प्रश्नांची उत्तरे प्रकाशित आकडेवारीत मिळत नाहीत. उत्तरे आहेत ती पोलीस ठाण्यांच्या कपाटांत आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या गुन्हे-नोंदींच्या संगणक प्रणालीत.

आमची संघटना अपराधशास्त्र, पीडितशास्त्र, समाजकार्य आणि विधी या शाखांतील शिक्षक, संशोधक विद्यार्थी आणि वकील यांची आहे. काही निवृत्त पोलीस अधिकारीही सभासद आहेत. पोलिसांना दोषी ठरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ज्या कामावर शेकडो माणसांचे स्वातंत्र्य आणि शेकडो घरांचा न्याय अवलंबून आहे, त्या कामाचा अभ्यास अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज तो मर्जीवरच आहे. अर्ज द्यायचा, ओळख काढायची, साहेब तयार झाले तर काम सुरू करायचे, आणि साहेबांची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. पीएच.डी.चे विद्यार्थी यात वर्षे घालवतात आणि शेवटी विषय बदलतात.

म्हणून आमची पहिली मागणी परवानगीची आहे. गृह विभागाने शासन निर्णयाने एक संशोधन समिती नेमावी. तिच्यात पोलीस, विद्यापीठे, विधी सेवा प्राधिकरण आणि पीडितांसोबत काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत. अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावा, नकार असेल तर कारणे लेखी द्यावीत, आणि मिळालेली परवानगी पदाला बांधलेली असावी, व्यक्तीला नव्हे. चालू तपासाची केस डायरी आम्ही मागत नाही. तिला कायद्याने जे संरक्षण दिले आहे ते योग्यच आहे. आम्हाला हवी आहेत ती निकाली निघालेली प्रकरणे, नावे आणि पत्ते काढून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नेही संशोधन आणि सांख्यिकीच्या कामासाठी सवलत ठेवली आहे. अट एवढीच, की त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवलेली मानके पाळली जावीत. गोपनीयतेचे कारण सांगून सरसकट दार लावण्याला म्हणूनच आधार उरत नाही.

दार उघडले तर काय मिळते, याची उदाहरणे दूरची नाहीत. राजस्थान पोलिसांनी २००५ ते २००८ या काळात अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाला ठाण्यांमध्ये प्रयोग करू दिले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या गटात होते. बनावट फिर्यादी पाठवून नोंदणी होते का हेही तपासले गेले. प्रशिक्षण दिले आणि बदल्या थांबवल्या तिथे पीडितांचे समाधान वाढले. स्थानिक नागरिकांना निरीक्षक म्हणून ठाण्यात बसवण्याचा तसा परिणाम दिसला नाही. कानाला गोड लागणारी योजना आणि प्रत्यक्ष चालणारी योजना वेगळी असू शकते, हे असे मोजल्याशिवाय कळत नाही. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत महिला साहाय्य कक्षांचा असाच अभ्यास झाला आणि तो २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली, आणि हा बदल विशेषतः महिला अधिकारी नेमलेल्या ठाण्यांत दिसला. हरियाणात चार लाखांहून अधिक प्रथम खबरींचा न्यायालयापर्यंत माग काढला गेला, तेव्हा महिलांच्या तक्रारी पुढे सरकायला जास्त वेळ लागतो आणि त्या अधिक प्रमाणात बाद होतात असे आढळले. प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. नोंदी अशा खुल्या झाल्या की असे अभ्यास उभे राहू शकतात. महाराष्ट्राने या रांगेत मागे का राहावे?

दुसरी मागणी समरींची, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीची. ‘ब’ समरीचे आकडे सभांमध्ये आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांमध्ये ‘बायका खोट्या केसेस करतात’ याचा पुरावा म्हणून फेकले जातात. पण त्या अक्षरामागे काय आहे? फिर्यादीने दबावाखाली माघार घेतली, नातेवाइकांनी गावकीत मिटवले, साक्षीदार फिरले, की खरोखरच फिर्याद बनावट होती? ही चार कारणे एका अक्षरात मिसळली तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, आणि खऱ्या बनावट फिर्यादीत अडकलेल्या माणसावरही त्याच गोंधळाने अन्याय होतो. समरीवर निर्णय देण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितले आहे. ती नोटीस प्रत्यक्षात पोचते का, हेही तपासले गेले पाहिजे. समरी अहवालात कारणाचा स्वतंत्र रकाना असावा आणि ते अहवाल नावे वगळून अभ्यासकांना मिळावेत.

तिसरी मागणी पीडितांविषयीची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद लागू आहे. ती कशी पाळली जाते, फोन जातो की नुसता संदेश, तो वाचता येतो का, हे पीडितांनाच विचारले पाहिजे. बलात्कार, अॅसिड हल्ला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठी राज्याने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणली. पैसे मिळायला लागलेला काळ आणि त्या काळात साक्ष टिकली की ढासळली, यांचा संबंध आम्हाला अभ्यासायचा आहे. हे विचारताना पीडितेवर पुन्हा आघात होऊ नये, ही जबाबदारी संशोधकाची आहे, आणि त्याबाबत आम्ही स्वतःवर कडक अटी घालून घ्यायला तयार आहोत : मुलाखतीला नकार दिला तर तपासावर काडीचाही परिणाम होणार नाही हे लेखी सांगणे, मुलांची मुलाखत समुपदेशकाशिवाय न घेणे, एकदा पोलिसांना, एकदा डॉक्टरांना, एकदा न्यायालयाला सांगून झालेली घटना केवळ प्रबंधासाठी पुन्हा वदवून न घेणे. या अटी मोडणाऱ्या अभ्यासकाची परवानगी रद्द व्हावी.

त्याला जोडूनच, राज्याने दर दोन वर्षांनी घरोघर पीडित सर्वेक्षण करावे. अमेरिकेत ते १९७३ पासून, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून होते. आपल्याकडे २०१५ मध्ये कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्हने दिल्ली आणि मुंबईत असे सर्वेक्षण केले होते. नियमित असे काहीच नाही. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात गुन्हे वाढले की लोक निर्भयपणे नोंदवू लागले, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि प्रामाणिकपणे नोंद करणारा ठाणे अंमलदारच आकडे वाढवल्याचा दोष घेतो.

चौथी मागणी ज्यांना आपण सराईत म्हणतो त्यांच्याबद्दल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला, पण पारधी वस्तीत चोरीच्या दुसऱ्या दिवशी गाडी का थांबते, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांनाही बजावले. याच राज्याने २०२४ मध्ये नागपूरला ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापून पोलीस कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणायला सुरुवात केली आहे. साधनाला आमचा विरोध नाही. पण यंत्र ज्या जुन्या नोंदींवर शिकेल, त्यांत कोणत्या वस्त्यांतील किती संशयित धरले गेले आणि किती निर्दोष सुटले, हे आधी स्वतंत्र अभ्यासकांनी तपासले पाहिजे. नाहीतर शंभर वर्षांचा पूर्वग्रह संगणकाच्या निष्पक्षतेच्या नावाखाली पुन्हा ठाण्यात येईल. हिस्ट्रीशीट आणि तडीपारीच्या प्रस्तावांचा समाजगटनिहाय अभ्यास राज्याने स्वतःहून करवून घ्यावा.

उरलेल्या दोन मागण्या थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२३ सालचा अहवाल २०२५ च्या सप्टेंबरअखेर आला, आणि त्यात एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. घरफोडीत खून झाला तर घरफोडी दिसत नाही. म्हणून गुन्हे अन्वेषण विभागाने राज्याची ठाणेनिहाय आकडेवारी, सर्व कलमांसह, वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत संगणकावर वापरता येईल अशा स्वरूपात द्यावी. आणि प्रत्येक अभ्यासाचा मराठी सारांश संबंधित ठाण्यांना तसेच नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीला देणे संशोधकावर बंधनकारक करावे. ज्या तपासी अंमलदारांनी वेळ दिला, त्यांना निष्कर्ष वर्तमानपत्रातून कळावेत हे बरोबर नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी तीस दिवसांत बैठक बोलवावी आणि आम्हाला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. सर्व मागण्या एकदम मान्य होणार नसतील, तर निदान एका ग्रामीण जिल्ह्यातील आणि एका आयुक्तालयातील गेल्या पाच वर्षांच्या समरी अहवालांपासून सुरुवात करावी. आमच्या मते त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सरचिटणीस आणि सर्व सभासद